पेरूवरचा हिरवा संशयित

बाबांनी गावाहून एका चमकत्या किड्याचा फोटो पाठवला आणि नाव विचारलं. मी पुण्यात बसून दहा मिनिटांत निकाल देऊन टाकला. साफ चुकीचा!

बुधवार, दुपारचे साडेतीन. हिंजवडीतल्या आमच्या मजल्यावर रिलीजची घाई, टीम लीडचा चेहरा ताणलेला, माझी कॉफी गार. आणि मोबाइलवर बाबांचा फोटो. अर्धवट खाल्लेला पेरू आणि त्यातल्या खड्ड्यात डोकं खुपसून बसलेले तीन किडे. हिरवेगार. नुसते हिरवे नाहीत, नेलपॉलिशच्या जाहिरातीत शोभतील असे चकचकीत, वरून तांब्याची झाक.

सोबत व्हॉइस मेसेज : "माय, हे पाह्य. पेरू पोखरून ठेवले ना सारे. कंपनीत बगच शोधतेस ना तू? मंग ह्याचं नाव सांग. औषध आणतो अन् रविवारी मारून टाकतो."

आमचं घर वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात. (पुण्यात मालेगाव म्हटलं की लोकांना नाशिकचं वाटतं. नाही हो, हे आमचं मालेगाव जहांगीर!) बाबा शाळेत मास्तर होते. रिटायर झाल्यावर शेत ठोक्यानं दिलं आणि घरामागच्या जागेत रमले. संत्र्याची चार झाडं, तीन पेरू, एक अंजीर, आईचे गुलाब. सकाळी सहा ते नऊ बाबांची ड्युटी तिथेच. त्यांच्या दृष्टीनं तो आता पूर्णवेळ जॉब आहे.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. आमच्या धंद्यातला पहिला नियम : बग आधी स्वतः करून बघायचा, मग लॉग करायचा. घरच्या कामात मात्र हे नियम कुठे लावतो आपण? इंग्रजीत 'हिरवा, चमकणारा, फळं खाणारा' असं टाइप केलं आणि पहिलाच फोटो मॅच झाला. जपानी भुंगेरा! 1916 साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये सापडला आणि तिथून पसरत गेला. तीनशेहून जास्त प्रकारच्या झाडांवर ताव मारतो. मी लगेच कळवलं, "बाबा, डेंजर आहे हा. लवकर काहीतरी करा." आणि मीटिंगला गेले.

रात्री फ्लॅटवर मॅगी खाताना एकच शब्द डोक्यात घुमायला लागला. औषध.

आमच्याकडे फवारायच्या विषाला औषधच म्हणतात. दुकानातून औषध आणायचं, पंपात भरायचं, पाठीला लावायचं, तोंडाला फार तर रुमाल. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन किमान 20 शेतकरी-मजूर गेले. तेव्हा बाबा रोज पेपर वाचून म्हणायचे, "आपण काळजी घेतो बा." काळजी घेऊनही गेल्या वर्षी सोयाबीनवर फवारताना त्यांना चक्कर आली होती. अर्धा तास बांधावर पडून होते. मला हे सांगितलं आईनं, तेही दोन महिन्यांनी. आणि आता मीच त्यांना 'लवकर काहीतरी करा' म्हणून बसले होते. शेजारची पोरं तर ते पेरू झाडावरूनच तोडून, न धुता खातात.

फोटो परत उघडला. मोठा करून बघितला. जपानी भुंगेऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे पाच-पाच झुबके असतात, शेपटाकडे आणखी दोन. हे मी वाचलं होतं आणि सोयीस्करपणे सोडून दिलं होतं. बाबांच्या किड्यांना एकही झुबका नव्हता. वाशीमच्या पेरूवर न्यू जर्सीचा आरोपी मी आणून बसवला होता.

फोन लावला. "बाबा, मी चुकले. रविवारपर्यंत काही मारू नका. मी येते."

"एवढ्याशा किड्यासाठी येतेस?" ते हसले. पण आवाज खूश होता. गणपतीलाही जमलं नव्हतं मला.

शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन पेरूखाली हजर. किडे होतेच. बाबांनी एक अलगद चिमटीत धरला. मला वाटलं, आता मी इंटरनेटवरचं ज्ञान सांगणार. झालं उलटंच.

"सोनकिडा नाही हा," बाबा म्हणाले. लहानपणी ते बाभळीवरचे सोनकिडे पकडून काडेपेटीत ठेवायचे, सोबत बाभळीचा पाला. पायाला दोरा बांधून उडवायचेही. "सोनकिडा लांबोडा राह्यते, दोन्ही टोकांकडे निमुळता. अन् तो पाला खाते, फळाले तोंड नाही लावत." ज्यांचे चमकते पंख पूर्वी भरतकामात टिकल्यांसारखे शिवायचे, 1903 च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनच्या मोरपिशी गाऊनवर जे झळकले, ते पंख या सोनकिड्याच्या जातभाईंचे. आमचा पाहुणा आखूड, चपटा, खांद्यांत रुंद. मिशांची टोकं छोट्या पंख्यासारखी उघडणारी. म्हणजे भुंगेऱ्यांच्या घराण्यातला.

मग बाबांनी बोटं सैल केली. किडा भुर्रकन उडाला आणि त्यांनीच ओरडून दाखवलं, "पाह्य, पाह्य! पाठीची ढाल उघडलीच नाही त्यानं!"

हीच ती खूण. बाकीचे बहुतेक भुंगेरे उडताना वरचे कडक पंख दरवाजासारखे उघडतात. फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्यांच्या या गटात (शास्त्रीय नाव सेटोनिनी) ढाल मिटलेलीच राहते. खांद्याच्या मागे कडेला एक खाच असते, तिथून आतले पातळ पंख बाहेर काढून ते उडतात. आपल्याकडे ज्वारी-बाजरीच्या फुलोऱ्यावर परागकण खाताना दिसणारा हिरवा किलोलोबा याच गटातला. नेमकी जात ठरवायला तज्ज्ञ मंडळी किडा सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. पण फवारायचं की नाही, एवढं ठरवायला गट कळला तरी पुरतं.

आणि रंग? रंगावर जाऊन तर मी फसले होते. हा चमकता हिरवा म्हणजे मुळात रंगद्रव्य नसतंच. कवचाच्या अतिशय पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा तो खेळ. प्रकाशाचा वेग मोजणारे नोबेलविजेते अल्बर्ट मायकेलसन यांनाही या चकाकीनं भुरळ घातली होती. 1911 मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या आणि किड्यांच्या धातूसारख्या रंगांवर लेख लिहिला. किडा जरा तिरपा केला की हिरव्याचा तांबूस होतो. असा साक्षीदार कोर्टात कितीसा टिकणार?

आता मुख्य प्रश्न. पेरू फोडले कोणी?

या गटातल्या किड्यांचं तोंड मऊ, ब्रशसारखं असतं. परागकण आणि रस चाटायला ठीक, टणक साल फोडायला नाही. हे वाचलेलं होतं, पण एकदा हात पोळल्यावर नुसत्या वाचण्यावर कोण विसंबणार? आईच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या. एकीत अख्खा पेरू, दुसरीत कापलेला. दोन्हीत दोन-दोन भुंगेरे, वर जाळीचं फडकं. संध्याकाळपर्यंत कापलेल्या पेरूत दोघं मानेपर्यंत घुसलेले होते. अख्ख्या पेरूवर साधा ओरखडासुद्धा नाही. दोघं बिचारे फडक्याला लटकून बाहेरची वाट शोधत होते.

बाबा चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे हे घरात घुसले, पण कुलूप दुसऱ्यानंच तोडलं."

काही कुलपं उघडउघड फुटली होती. राघूच्या चोचीचे घाव, खारीच्या दातांचे घाव. पण बऱ्याच पेरूंवर, आणि रंग धरू लागलेल्या संत्र्यांवरही, टाचणीनं टोचल्यासारखं एकेक भोक होतं. भोकाभोवती मऊ, तपकिरी डाग. दाबलं की रस यायचा. झाडाखाली अशा फळांचा सडा. हे काम पक्ष्याचं नाही आणि खारीचंही नाही.

रात्री साडेनऊला टॉर्च घेऊन आम्ही तिघं मागच्या दारी. आई म्हणाली, "मुलगी सहा महिन्यांनी घरी आली, अन् तिला अंधारात फिरवा." पण पहिली तीच आली! टॉर्चचा झोत संत्र्यावर पडला आणि दोन डोळे निखाऱ्यासारखे चमकले. वाळक्या पानासारखा मोठा पतंग फळाला चिकटून बसला होता. जवळ गेलो तसा उडाला आणि खालचे पंख दिसले. नारिंगी, त्यावर काळे पट्टे. दुसऱ्या झाडावर आणखी दोन.

फळातला रस शोषणारा पतंग. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांचा हा जुना वैरी. साध्या फुलपाखराची सोंड म्हणजे मऊ नळी. याची टणक, काटेरी टोकाची. रात्री येतो, साल भोसकतो, रस पितो आणि पहाटेच्या आत पसार. भोकातून बुरशी शिरते, फळ सडतं, आंबूस वास सुटतो. त्या वासावर दिवसा येतात आमचे हिरवे भुंगेरे. चोर रात्रीचा आणि सापडतो दिवसाचा! दिवसा फवारलं असतं तर औषध पेरूवर, बाबांच्या छातीत आणि मधमाश्यांवर गेलं असतं. पतंग मात्र रात्री आरामात परत आला असता.

पण खरा धक्का पुढे होता. या पतंगाच्या अळ्या फळांवर वाढत नाहीत. त्या वाढतात कुंपणावरच्या वेलींवर, वासनवेल आणि... गुळवेल. आमच्या कुंपणावर गुळवेल कोणी लावली? आईनं! 2020 मध्ये, कोरोनाच्या काढ्यासाठी. चार वर्षांत तिनं अख्खं तारेचं कुंपण व्यापलं होतं.

"वेल काढायची नाही," आईनं टॉर्चच्या उजेडातच निकाल दिला. "दोघांच्या खोकल्याला तीच कामी आली होती."

रविवारी सकाळी आणखी एक केस उभी राहिली. बाबांनी शेणखताचा ढीग उकरला, तर आत पांढऱ्या, जाड अळ्या. "हुमणी!" ते एकदम गंभीर झाले. सोयाबीनची मुळं कुरतडणारी हुमणी आमच्या भागातल्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. मी एक अळी वर्तमानपत्रावर ठेवली. ती उलटी झाली, पाय आभाळाकडे केले आणि चक्क पाठीवरून सरसर चालायला लागली! आई हसून हसून खाली बसली. हुमणी अशी चालत नाही. ती अंग मुडपून पडते, सरकली तर पायांवर. पाठीवर चालणारी अळी या फुलभुंगेऱ्यांची. जिवंत मुळांपेक्षा कुजलेला पाला-शेण खाऊन खत बारीक करणारी. बाबांनी तिला परत ढिगात सोडलं, वर मूठभर खत लोटलं.

म्हणून हे भुंगेरे अगदी साधुसंत आहेत असं नाही. गुलाबाच्या पाकळ्या कुरतडतात, अती पिकलेल्या मऊ अंजिरातही शिरतात. आईची ती तक्रार खरीच. पण त्यासाठी पंप पाठीला लावायची गरज नाही. सकाळी हलवून बादलीत पाडले की झालं.

दुपारभर आम्ही कागदी पिशव्या शिवल्या आणि हाताला येतील तेवढी फळं झाकली. पडलेली फळं गोळा करून खोल पुरली, म्हणजे वास नको आणि बोलावणंही नको. गुळवेलीवर तडजोड झाली : वेल आईची, तिच्यावरच्या अळ्या बाबांच्या. रोज सकाळी हातानं वेचायच्या. रविवारी फवारणी झालीच नाही. पंप कोठीतच राहिला.

संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सला सोडायला बाबा स्टँडवर आले. सोबत झाकलेल्या फळांपैकी पिकलेले सहा पेरू. म्हणाले, "नाव मी कोणालेही विचारू शकलो असतो. इथं कृषी सहायक हाय, दुकानदार हाय." थोडं थांबून, "पण मंग तू आली नसतीस."

सोमवारी ऑफिसात ज्युनिअर घाईत येऊन म्हणाला, बग सापडला, लॉगिनच्या पेजवर आहे, फिक्स करायला सांगू? मी विचारलं, तिथे दिसला की तिथे तयार झाला? तो बघतच राहिला. त्याला एक पेरू दिला.

आता रोज रात्री दहाच्या सुमारास मोबाइल वाजतो. टॉर्चच्या उजेडातला फोटो आणि खाली स्कोअर. काल आला तो : "आज पतंग 2. पिशव्या सगळ्या शाबूत. दिवाळीले संत्रं खायले ये."

तिकीट बुक केलंय.