औषधाचा रिकामा डबा घरात आणू नका



गावात सभा आटोपली की हल्ली आयाबहिणी एक प्रश्न हमखास विचारतात, "साहेब, खाणे तर पूर्वीइतकेच आहे, मग अंग का सुटते?" पहिले उत्तर साधे आहे. दिवसातून पाच वेळा गोड चहा आणि बांधापर्यंत जायलाही मोटारसायकल! पण शास्त्रज्ञ आता आणखी एका कारणाकडे बोट दाखवू लागले आहेत, आणि ते पुष्कळदा आपल्या पडवीतच पडलेले असते.

भूक, चरबी, वाढ, पाळी या सगळ्यांचा कारभार संप्रेरके म्हणजे हार्मोन चालवतात. ती लागतात तरी किती? द्राक्ष बागायतदाराला विचारा. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम जी.ए. पडले की घड लांबतो. तिथे संप्रेरक झाडाचे असते. माणसाच्या संप्रेरकांची अशीच नक्कल करणारी काही रसायने आहेत. त्यांतल्या चरबी वाढवणाऱ्यांना अमेरिकेतील ब्रूस ब्लुमबर्ग यांनी २००६ साली 'ओबेसोजेन' हे नाव दिले.

आपल्या वाडवडिलांनी डीडीटीची पांढरी भुकटी उघड्या हातांनी धुरळली. शेतीत तिच्यावर १९८९ साली बंदी आली. तिकडे कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ या काळातल्या गरोदर बायकांचे रक्त जपून ठेवले होते. त्यांच्या नातींना तपासून संशोधकांनी २०२१ साली लिहिले, की आजीच्या रक्तात डीडीटी जास्त, तर नातीत लठ्ठपणा जास्त आणि पाळीही लवकर. हा संबंध दिसला आहे, पक्का पुरावा नव्हे. तरी घरात गरोदर सून किंवा रांगते मूल असेल, तर सावध व्हायला मला एवढे पुरेसे वाटते.

आपल्या जिल्ह्यात पाथर्डी, पारनेर, जामखेडकडे उन्हाळ्यात टँकर आला की मिळेल त्या भांड्यात पाणी भरावे लागते. पाथर्डीकडच्या एका वस्तीवर मी कीटकनाशकाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये पिण्याचे पाणी पाहिले. माउलीने तो राखेने घासून लख्ख केला होता. म्हणाली, "वास येत नाही, साहेब." तिच्या कष्टाला मी कशी नावे ठेवू? पण औषध प्लॅस्टिकच्या अंगात मुरते, आणि वास गेला तरी थोडे थोडे पाण्यात उतरत राहते. बाजारात स्वस्तात मिळणारी जुनी निळी पिंपेही तशीच. आधी काय भरले होते हे विकणारा सांगत नसेल, तर जनावरांच्या पाण्यालाही ते पिंप घेऊ नका.

डबा संपला की तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता आणि तिथेच बांधावर सळईने डब्याला भोक पाडा. भोकाच्या डब्यात कोणी पाणी भरत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही रिकामे डबे मोडून वस्तीपासून लांब पुरायला सांगितले आहे. जाळू मात्र नका. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. ते धुणे बहुधा सुनेच्याच वाट्याला येते; फवारणाऱ्याने स्वतः धुतले तर त्यात काही कमीपणा नाही.

स्वयंपाकघरात प्लॅस्टिक मऊ करणारी द्रव्ये कढत आणि तेलकट पदार्थांत लवकर उतरतात. म्हणून मजुरांसाठी हॉटेलातून पिशवीत बांधून आणलेला चहा मला मुळीच पसंत नाही. किटली न्यावी. लोणचे पुन्हा चिनी मातीच्या बरणीत जावे.

आणि परसबाग करा. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाणे जपण्यासाठी. सांडपाण्यावर घेवडा, दोडका, भोपळा सहज येतो. निदान पोरांच्या ताटातली भाजी तिथली असावी. मळ्यातल्या टोमॅटोचे म्हणाल, तर फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचे ते औषधाच्या माहितीपत्रकात छापलेले असते. अक्षर फार बारीक असते, तेव्हा शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या.