कच्च्या वहीचे मोल

जून महिना आला की घरोघरी वह्यांना कव्हरे घालण्याची गडबड सुरू होते. पक्क्या वहीत अक्षर सुवाच्य हवे, खाडाखोड चालत नाही. बाकीचा सारा पसारा कच्च्या वहीत! वर्ष संपले, की पक्की वही कपाटात जाते आणि कच्ची रद्दीत. मूल कुठे अडले, कसे चुकले, पुन्हा काय करून पाहिले, हे सारे त्या रद्दीबरोबरच निघून जाते.

तमिळनाडूतल्या कुंभकोणम् येथील एका मुलाच्या वह्या मात्र रद्दीत गेल्या नाहीत. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण तिथे सारंगपाणी मंदिराजवळच्या लहानशा घरात गेले. वडील कापडाच्या दुकानात कारकून. 1897 साली प्राथमिक परीक्षेत रामानुजन जिल्ह्यात पहिले आले आणि पुढल्या वर्षी टाऊन हायस्कूलमध्ये दाखल झाले. 1903 च्या सुमारास कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचे एक जाडजूड पुस्तक त्यांच्या हाती पडले. त्यात गणिताची हजारो सूत्रे होती. सिद्धता मात्र त्रोटक. रामानुजन ती एकेक पडताळून पाहू लागले आणि पाहता पाहता स्वतःचीच सूत्रे मांडू लागले. वाचनाची वही अशी हळूहळू संशोधनाची वही झाली.

पुढे महाविद्यालयात गणिताखेरीज इतर विषयांकडे दुर्लक्ष झाले. शिष्यवृत्ती गेली, एफ. ए. ची परीक्षाही पास होता आले नाही. गुणपत्रिका दाखवून नोकरी मिळण्याची आशा उरली नाही. तेव्हा 1910 साली ते वह्या घेऊनच व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. अय्यर डेप्युटी कलेक्टर होते आणि गणिताचे जाणकारही. वह्या चाळताच त्यांनी ओळखले, की या तरुणाला महसूल खात्यातल्या किरकोळ कारकुनीत अडकवणे योग्य नव्हे. पुढची दारे उघडली ती या वह्यांमुळे.

पण या वह्यांत एक उणीवही होती. कागद महाग, म्हणून रामानुजन पाटीवर गणित करीत, कोपराने पुसत आणि फक्त उत्तर वहीत उतरवीत. 1920 साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1957 साली त्या वह्या जशाच्या तशा छापल्या. अमेरिकन गणितज्ञ ब्रूस बर्न्ट यांनी त्यांतली सूत्रे सिद्ध करून मांडली, त्याचे पाच खंड 1985 ते 1998 या काळात निघाले. पाटीवर पुसली गेलेली वाट शोधायला एवढा काळ लागला!

आजच्या तिसरी-चौथीच्या वर्गासाठी यातून काय घ्यावे? शंभर पानी एक वही पुरे. पुढून वाचनाच्या नोंदी : काय वाचले, कोणता शब्द नवा भेटला, कोणती गोष्ट पटली नाही. मागून शोधाच्या : प्रश्न, माझा अंदाज, मी काय केले, काय दिसले. समजा, प्रश्न आहे, ‘चिंचेची पाने संध्याकाळी का मिटतात?’ मुलीला वाटते, अंधार पडतो म्हणून. मग तिने भर दुपारी एक डहाळी काळ्या कागदाने झाकून पाहावी आणि दिसेल ते लिहावे. अंदाज चुकला, तरी खोडरबर वापरायचा नाही. एक आडवी रेघ मारावी, म्हणजे जुना विचारही वाचता येतो.

चाळीस मुलांच्या वह्या तपासायच्या कधी, हा बाईंचा प्रश्न रास्तच आहे. रोज आठ वाचल्या, तरी आठवड्याच्या पाच दिवसांत सर्व होतात. गुण द्यायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाई चालवायची नाही. खाली एकच प्रश्न लिहावा : ‘हे तुला कसे कळले?’ घरी आईबाबांनीही एक पथ्य पाळावे. नोंद मुलाला सांगून लिहवून घेऊ नये. शेजारच्या मुलाची वही मागून तुलना तर नकोच.

प्रत्येक मूल रामानुजन होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण परीक्षेत मागे पडलेल्या मुलाच्या डोक्यात काय चालले आहे, हे प्रगतिपुस्तक सांगत नाही. ते या वहीत दिसते. म्हणून यंदा रद्दी काढताना कच्ची वही आधी वाचून पाहावी.