तुटलेला बोल्ट आणि त्यानंतरचा अर्धा तास

घरच्या अंगणात स्वतःच्या मोटारसायकलचं इंजिन उघडणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. कुणी हौसेपोटी उघडतं, कुणी खर्च वाचवायला, तर कुणी वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी इंजिन दुरुस्तीचं काम करतो. ही मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत बहुधा सिलिंडर हेड किंवा क्रँककेसचा अर्धा भाग असतो आणि त्यात कुठेतरी एक बोल्ट तुटून अडकलेला असतो. असे हेड पाहून पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. बोल्ट तुटणं ही किरकोळ बाब आहे. हेड निकामी होतं ते पुढच्या अर्ध्या तासात, घाईने तिरकं चालवलेल्या ड्रिलमुळे आणि आत मोडून बसलेल्या एक्स्ट्रॅक्टरमुळे. हा लेख त्या अर्ध्या तासासाठी आहे.

आधी बोल्ट तुटतो का ते पाहू. बोल्ट कसला की तो किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा मागे खेचत राहतो. त्या खेचण्याने दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. क्लच कव्हरचा ६ मिमीचा साधा बोल्ट १० न्यूटन-मीटर टॉर्कने कसला, तर सुमारे ८०० किलोच्या जोराने तो कव्हर खेचून धरतो. आपण पान्याला लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहा टक्के या ताणासाठी खर्च होतो. निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालचं घर्षण खातं, उरलेला आट्यांतलं घर्षण. आटे गंजले की घर्षण कितीतरी वाढतं, आणि सगळा पीळ बोल्टच्या दांड्याला सोसावा लागतो.

हात किती जोर देतो याचा हिशेबही ठेवला पाहिजे. पंधरा सेंटिमीटरच्या रिंग पान्यावर सात किलोचा दाब दिला की १० न्यूटन-मीटर होतात, म्हणजे ६ मिमीच्या बोल्टला हवे तेवढेच. तेवढाच दाब ४० सेंटिमीटरच्या दांड्यावर दिला की टॉर्क २७ न्यूटन-मीटरवर जातो, आणि ते त्या बोल्टच्या सोसण्यापलीकडचं आहे. छोट्या बोल्टला मोठा दांडा लावू नये, याचं कारण हे आहे.

बोल्ट तुटला की मी पहिल्यांदा भिंग आणि टॉर्च घेतो. तुटलेला पृष्ठभाग बरंच काही सांगतो. नवा, स्वच्छ बोल्ट कसताना जास्त पिळून तुटला असेल, तर तुटलेल्या तोंडावर गोल फिरलेल्या खुणा दिसतात. ही सगळ्यांत चांगली बातमी. डोकं गेलं की ताणही गेला, आणि आटे जाम नसल्याने आतला तुकडा सैल असतो. टोकदार स्क्राइबरने कडेला हलके ढोसत उलट फिरवला, तर तो बऱ्याचदा बाहेर येतो. सोडवताना तुटला असेल, तर आटे जाम आहेत असं समजावं. आणि गाडी चालता चालता तुटला असेल, तर एका कडेपासून आत सरकत गेलेल्या वक्र रेषा दिसतात, ओहोटीचं पाणी वाळूवर सोडून जातं तशा. हा थकून तुटलेला बोल्ट. तो पूर्वी नीट कसलेलाच नव्हता, प्रत्येक हादऱ्याबरोबर सैलावत आणि ताणत राहिला. असा तुकडा काढणं सहसा सोपं असतं, पण शेजारचे बोल्टही तपासावे लागतात.

खरा त्रास देतो तो दुसरा प्रकार, आणि त्यातही एक्झॉस्टचा स्टड. १०० सीसीच्या गाड्यांत सायलेन्सरचा पाइप हेडला सहसा दोन छोट्या स्टडनी धरलेला असतो. रोज तापणं, थंड होणं, पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी अंगावर घेणं, हे त्यांच्या नशिबी असतं. घाट चढून मालवण-रत्नागिरीकडून आलेल्या गाड्यांत हा स्टड अधिक वाईट अवस्थेत दिसतो, कारण हवेत मीठ आहे. पोलादी स्टड, अॅल्युमिनियमचं हेड आणि मधे खारट ओल, अशी तिकडी जमली की जणू छोटी बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. झिजून तयार झालेलं पांढरं ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतं, आट्यांतल्या फटीत ठासून भरतं आणि स्टड जखडतो.

अशा तुकड्यावर काम करताना मी एकच नियम पाळतो. प्रत्येक पाऊल असं टाकायचं की ते फसलं तरी पुढचं पाऊल शिल्लक राहील. म्हणून सुरुवात सौम्य उपायाने करायची आणि कठोर उपाय शेवटी ठेवायचा.

कव्हरचा बोल्ट असेल तर आधी बाकीचे बोल्ट काढून कव्हर उचला. तुटलेल्या बोल्टचा दांडा कव्हरच्या जाडीएवढा बाहेर उभा राहतो आणि अर्धं काम तिथेच होतं. ग्रिप प्लायर घट्ट बसवा, किंवा आटे शाबूत असतील तर दोन नट एकमेकांवर कसून खालच्या नटाला पाना लावा. गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर थांबा. हातोडीने बोल्टच्या टोकावर सरळ रेषेत हलके ठोके द्या. त्या कंपनाने ऑक्साइडला भेगा पडतात आणि तेल आत शिरतं.

त्यानंतर उष्णता. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हेड १०० अंशांनी तापवलं तर ६ मिमीचं भोक बोल्टपेक्षा सुमारे साडेसहा मायक्रॉनने जास्त मोठं होतं. आकडा नगण्य वाटतो, पण ऑक्साइडची पकड मोडायला तेवढं पुरतं. तापवायचं ते भोकाभोवतीचं अॅल्युमिनियम. त्यासाठी हॉट एअर गन उत्तम. गॅसची उघडी ज्योत लावण्याआधी पेट्रोलची टाकी आणि कार्बोरेटर गाडीवरून काढून दूर ठेवा, यात कसलीही सवलत नाही. अॅल्युमिनियम वितळेपर्यंत रंग बदलत नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. पाण्याचा थेंब चुरचुरून उडाला की पुरेसं तापलं. त्या गरम तुकड्याला मेणबत्तीचं मेण टेकवा, ते पातळ होऊन आट्यांत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. मग फिरवताना सरळ उलट ओढू नका. किंचित कसायचं, किंचित सोडायचं, पुन्हा किंचित कसायचं. दर खेपेला अंतर थोडं वाढत जातं. हाताला बोल्ट रबरासारखा लवचीक लागू लागला, तर तो पिळतो आहे. तिथेच थांबा.

तुकडा पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल, तर माझी पहिली पसंती वेल्डिंगला. तुकड्याच्या तोंडावर नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्ड भरायचं. पोलादाचं वेल्ड अॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला अपाय होत नाही. वेल्डच्या उष्णतेने तुकडा फुगू पाहतो, थंड होताना आकसतो, आणि या हालचालीत गंजाची पकड सुटते. वेल्डिंग चांगल्या कारागिराकडून करून घ्या. भाग गाडीवरच असेल तर बॅटरीच्या तारा आणि इलेक्ट्रॉनिक युनिटचे कनेक्टर आधी सोडवा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत ही काळजी फार महत्त्वाची आहे.

वेल्डिंगनेही जमलं नाही तर ड्रिल. इथे सगळं यश मध्यबिंदूवर अवलंबून असतं. ६ मिमीच्या बोल्टच्या आट्यांचा गाभा सुमारे ४.८ मिमी असतो. बरोबर मधोमध टप्प्याटप्प्याने ५ मिमीपर्यंत ड्रिल केलं, तर गाभा निघून जातो, मागे आट्यांची बारीक वेटोळी उरतात आणि स्क्राइबरने ती उपसता येतात. हेडचे मूळ आटे वाचतात. पण मध्य अर्धा मिलिमीटर चुकला, तर ड्रिल पोलाद सोडून मऊ अॅल्युमिनियमकडे सरकतं आणि एका बाजूचे आटे कापून टाकतं.

म्हणून हाताच्या अंदाजावर जाऊ नका. कव्हर पुन्हा जागेवर दोन बोल्टनी बसवा आणि लेथवाल्याकडून एक छोटं बुश करून घ्या. बाहेरून ते कव्हरच्या भोकात नेमकं बसावं आणि आतून त्याला ३ मिमीचं भोक असावं. या बुशमधून ड्रिल घातलं की ते भरकटू शकत नाही. बुश करायला लेथवाल्याला फार वेळ लागत नाही. उलट आट्यांचं, म्हणजे डावीकडे फिरून कापणारं ड्रिल मिळालं तर तेच वापरा. कापता कापता तेच अनेकदा तुकडा पकडून बाहेर आणतं. वेग कमी ठेवा, तेल भरपूर घाला. एक्झॉस्टचं तोंड आणि क्रँककेसची भोकं चिंध्यांनी बंद करा. अॅल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही आणि आत गेला तर ऑइल पंपापर्यंत पोहोचतो.

आता एक्स्ट्रॅक्टरबद्दल, म्हणजे तुकड्यात भोक पाडून त्यात उलट फिरवायच्या हत्याराबद्दल. बाजारात तो इझी आउट म्हणून मिळतो आणि घरी काम करणारा माणूस सगळ्यांत आधी त्यालाच हात घालतो. पण हिशेब पाहा. ६ मिमीच्या पूर्ण बोल्टला जो पीळ सोसवला नाही, तो आपण ३ मिमीच्या भोकात घातलेल्या त्याहूनही बारीक हत्यारावर टाकतो. शिवाय शंकूच्या आकारामुळे ते आत जाताना तुकड्याला बाहेरच्या बाजूला फाकवतं आणि पकड आणखी घट्ट होते. हत्यार कडक आणि ठिसूळ असल्याने न वाकता कडकन मोडतं. मग भोकात असा तुकडा बसतो ज्यावर साधं ड्रिल चालतच नाही. सैल तुकड्यासाठी एक्स्ट्रॅक्टर जरूर वापरा. जखडलेल्या छोट्या बोल्टला तो लावू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

तो मोडलाच, तरी वाट बंद होत नाही. मोठ्या टूलरूममध्ये स्पार्क इरोजनचं यंत्र असतं. त्यात इलेक्ट्रोड आणि धातू यांच्यामध्ये द्रवात सतत ठिणग्या पाडून धातू कणाकणाने उडवला जातो. धातू कितीही कडक असला तरी फरक पडत नाही. सोव्हिएत संघातल्या लाझारेंको दांपत्याने १९४३ साली ही पद्धत मांडली. विजेच्या ठिणग्यांनी टंगस्टनचे कॉन्टॅक्ट पॉइंट का झिजतात, याचा शोध घेताना त्यांना हा मार्ग सापडला. जुन्या मोटारसायकलींचे पॉइंट ज्या कारणाने झिजत, त्याच कारणाने आज आपलं हेड वाचतं.

दुसरी वाट तुमच्या घरातच आहे: तुरटी. पितळेच्या प्लेटमध्ये तुटलेला पोलादी स्क्रू काढायला घड्याळजी ती वापरत आले आहेत. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. ते पोलाद हळूहळू खातं, पण अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असल्याने त्याला फारसं लागत नाही. काचेच्या किंवा उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घाला, सुटा भाग त्यात बुडवा आणि पाणी गरम ठेवा. भागावर बेअरिंग, डॉवेल पिन, व्हॉल्व्ह गाइड किंवा पोलादाचं काहीही राहिलेलं असेल तर हा उपाय करू नका, कारण तुरटी तेही खाईल. यात तास लागतात, कधी दिवसही जातात. बोल्टभोवती बुडबुडे येत असले तर काम चालू आहे.

शेवटी आटेच गेले असतील, तर हेलिकॉइल बसवा. ६ मिमीसाठी ६.३ मिमीचं ड्रिल, हेलिकॉइलचा खास टॅप, आणि त्यात स्टेनलेस तारेची गुंडाळी. अॅल्युमिनियममध्ये ती मूळ आट्यांपेक्षा जास्त ताकदीची ठरते. विमानांच्या इंजिनांत तर ती नवीन असतानाच बसवलेली असते. ‘आटे बदलले म्हणजे इंजिन कमकुवत झालं’ ही भीती मनातून काढून टाका. फक्त गुंडाळीच्या टोकाची मोडलेली शेपटी बाहेर काढायला विसरू नका.

बोल्ट पुन्हा बसवताना काही गोष्टी पाळल्या, तर ही वेळच येत नाही. पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागेवर टोचून ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट बंद भोकाच्या तळाला टेकून तुटतो, आणि आखूड बोल्ट वरचे दोन-तीन आटे ओरबाडतो. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं असेल तर फुंकून काढा, नाहीतर कसताना तो द्रव दाबला जाऊन केसला चीर पडते. पहिले आटे नेहमी हाताने लावा. एक्झॉस्टच्या स्टडला तांब्याचं अँटी-सीझ लावा. आट्यांना वंगण लावलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून सांगितलेला टॉर्क थोडा कमी करा. आणि छोट्या मापाचा टॉर्क पाना विकत घ्या. कारच्या चाकांचा मोठा पाना १० न्यूटन-मीटरवर भरवशाचा नसतो.

घरी इंजिन उघडणं बंद करू नका. आपलं यंत्र स्वतःच्या हाताने समजून घेणारी माणसं असतील, तरच ही विद्या टिकेल. बोल्ट तुटला तर पाना खाली ठेवा, तुटलेलं तोंड नीट पाहा, स्प्रे मारा आणि त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा. दुसऱ्या दिवशीही हात पुढे जाईना, तर भाग आहे तसाच कारागिराकडे घेऊन जा. ड्रिल न लागलेला तुटका बोल्ट कोणत्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये निघतो.