टल्सातले तीन दिवस, तीन शर्यती

सायकलची शर्यत म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांना मुंबई-पुणे शर्यत आठवते. बोरघाटात घामाघूम झालेली मुले, ‘घाटांचा राजा’ हा किताब आणि रस्त्याच्या कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी असलेली मंडळी. या चित्रात एखादी बाई असलीच तर ती कडेला, हातात बाटली घेऊन.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात हे चित्र जरा वेगळे दिसते. तिथे २००६ सालापासून जून महिन्यात ‘टल्सा टफ’ नावाचा सायकलींचा उत्सव भरत आला आहे. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस आणि रोज नवी जागा. शर्यत लांब पल्ल्याची नसते. शहरातले चार-सहा रस्ते बंद करून एक-दोन किलोमीटरचे रिंगण तयार करतात आणि त्यावर ठरावीक वेळ गरागरा फेऱ्या मारायच्या. या प्रकाराला ‘क्रिटेरियम’ म्हणतात. प्रेक्षकांची यात मोठी सोय असते. एकाच कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसावे, दर दोन-तीन मिनिटांनी सगळा घोळका समोरून सूं करून जातो. दिवसा हौशी गटांच्या शर्यती, संध्याकाळी व्यावसायिकांच्या. बायकांच्या शर्यती वेगळ्या, आणि त्यातही नवशिक्या, मधल्या आणि अव्वल असे वेगवेगळे गट.

१० ते १२ जून २०२२ या तीन दिवसांत मी यातल्या नवशिक्यांच्या गटात उतरले होते. वय वर्षे त्रेचाळीस, मुक्काम डॅलस. शाळा आणि कॉलेज दोन्ही पुण्यात सायकलवरून झाले, हीच काय ती पूर्वतयारी. बाकीची तयारी दोन वर्षांत डॅलसमधल्या तीन मैत्रिणींबरोबर झाली. एक शाळेत शिकवते, एक इस्पितळात परिचारिका आहे आणि तिसरीला नातवंडे आहेत.

आम्ही चौघींनी नावे दिली त्याला एक कारण होते. हौशी शर्यतींत बायकांची संख्या नेहमीच तुटपुंजी असते. नावे कमी आली की नवशिक्यांची वेगळी शर्यत रद्द होते किंवा त्यांना वरच्या गटाबरोबर सोडतात. वरच्या गटातल्या बायका दोन फेऱ्यांतच दिसेनाशा होतात. बिचारी नवशिकी मग पुढच्या वेळी येत नाही आणि संख्या आणखी घटते. डॅलसच्या आसपास हे आम्ही दोनदा पाहिले होते. त्यामुळे कितव्या आलो यापेक्षा तिन्ही दिवस सुरुवातीच्या रेषेवर उभे राहायचे, असे आमचे ठरले होते.

तेलाच्या पैशाचे गाव

डॅलसहून टल्सा चारशेहून थोडे अधिक किलोमीटर. ७५ क्रमांकाचा महामार्ग थेट तिथे नेतो. रेड रिव्हर ही तांबूस पाण्याची नदी ओलांडली की टेक्सास संपते आणि ओक्लाहोमा लागते. वाटेत ओकमल्गी हे छोटे गाव आहे. मस्कोगी किंवा क्रीक या मूळ रहिवाशांच्या राष्ट्राची ही राजधानी. १८३० च्या दशकात या लोकांना अलाबामातून हुसकावून इकडे आणले गेले. त्यांच्यातल्या लोचापोका गावच्या मंडळींनी जुन्या वस्तीतल्या पवित्र अग्नीची राख बरोबर आणली आणि १८३६ मध्ये एका ओक वृक्षाखाली नवा अग्नी पेटवला. टल्साची सुरुवात ती. ते झाड आजही शहरात उभे आहे, भोवती छोटीशी बाग आहे.

‘टल्सा’ हे नाव क्रीक भाषेतल्या ‘जुने गाव’ अशा अर्थाच्या शब्दावरून आले. पुण्याला फोनवर हे सांगायला गेले तर आईने भलतेच ऐकले. “तुळसा? नाव तरी चांगलं आहे गं,” ती म्हणाली. “पण चाळिशी उलटली तुझी. पडलीस तर?”

१९०५ मध्ये जवळच ग्लेन पूल इथे तेलाचा प्रचंड साठा सापडला आणि या गावात पैशाचा पूर आला. त्या पैशातून १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या इमारती हे टल्साचे खरे वैभव. मुंबईतल्या मरीन ड्राइव्हच्या घरांशी नाते सांगणारी ‘आर्ट डेको’ शैली इथे पावलोपावली दिसते. बोस्टन अव्हेन्यूवरचे १९२९ मधले मेथडिस्ट चर्च अवश्य पाहावे. त्याच्या आराखड्याचे श्रेय एडा रॉबिन्सन या कलाशिक्षिकेचे की त्यांचा विद्यार्थी ब्रूस गॉफ याचे, हा वाद जुना आहे. चर्चची मंडळी बाईंच्या बाजूने आहेत. माझेही मत तेच, पण मी काही वास्तुतज्ज्ञ नाही!

निळ्या घुमटाखाली

शुक्रवारची शर्यत ‘ब्लू डोम’ भागात होती. नाव पडले ते १९२४ साली बांधलेल्या एका पेट्रोल पंपावरून. त्याच्यावर खरोखरच निळा घुमट आहे. सुप्रसिद्ध ‘रूट ६६’ महामार्ग पूर्वी इथूनच जात असे, आणि त्या महामार्गाचे जनक मानले जाणारे सायरस एव्हरी हेही टल्साचेच.

दुपारचे ऊन पस्तीस अंशांचे. पाठीवर सेफ्टी पिनांनी क्रमांक टाचलेला. पंचांनी हँडलच्या टोकांना बुचे आहेत की नाहीत ते तपासले. उघडी नळी पडताना अंगात घुसू शकते, म्हणून हा नियम फार कडक. शिट्टी झाली आणि आम्ही वीस-बावीसजणी निघालो.

क्रिटेरियमचे सगळे गणित वाऱ्याचे आणि वळणांचे असते. पुढच्या सायकलीच्या मागे वीतभर अंतरावर राहिले की वारा तिने कापलेला असतो आणि आपले पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात. तो आडोसा सुटला की संपले. काटकोनी वळणावर घोळका मंदावतो आणि बाहेर पडताच पुन्हा उसळी घेतो. शेपटाकडच्यांना ही उसळी सर्वांत महाग पडते, कारण पुढच्या निघून गेल्यावर मागच्यांना दुप्पट जोर लावून अंतर भरून काढावे लागते. दर फेरीला चार-सहा वेळा असे झाले की पाय बोलू लागतात. मधूनच घंटा वाजते. तिचा अर्थ, पुढच्या फेरीत रेषा पहिली ओलांडणारीला छोटे बक्षीस. या बक्षिसाचे फ्रेंच नाव ‘प्रीम’. घंटा वाजली की अर्ध्या बायकांच्या अंगात येते.

सहाव्या फेरीत माझा आडोसा सुटला. मग मी एकटीच आणि समोर वारा. आणखी तीन फेऱ्यांनंतर पंचांनी हाताने खूण करून मला बाहेर काढले. घोळक्याने मागून गाठण्याच्या बेतात असलेल्यांना असे काढतात, नाहीतर अपघात होतात. शेवटून दुसऱ्या फेरीत आमची परिचारिका पडली. दोन चाके एकमेकांना घासली, एवढेच निमित्त. खांद्याजवळचे हाड मोडले. हात गळ्यात बांधून ती रात्री हॉटेलवर परतली तेव्हा जेवताना कुणी फारसे बोलले नाही. आजीबाईंनी तेवढे विचारले, “उद्या किती वाजता निघायचं?”

ग्रीनवुडच्या शेजारी

शनिवारी शर्यत दुपारी होती म्हणून सकाळी ग्रीनवुड भागात पायी गेलो. इथले कृष्णवर्णीय व्यापारी एके काळी इतके संपन्न होते की या भागाला ‘ब्लॅक वॉल स्ट्रीट’ म्हणत. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने तो जाळून टाकला. पस्तीस चौकांचा परिसर बेचिराख झाला. बळींचा आकडा तीनशेपर्यंत असावा असा अंदाज आहे. कित्येक दशके ओक्लाहोमातल्या शाळांतही याचा उल्लेख होत नसे. पदपथावर जागोजागी छोट्या पाट्या बसवल्या आहेत. दुकानाचे नाव, मालकाचे नाव आणि पुढे ते पुन्हा उभे राहिले की नाही. व्हर्नन चर्चचे तळघर तेवढे त्या आगीतून वाचले होते, त्याच्यावर नवे चर्च बांधले. शनिवारची शर्यत इथून हाकेच्या अंतरावर, आर्ट्स डिस्ट्रिक्टमध्ये होते. या भागाला पूर्वी टेट ब्रेडी यांचे नाव होते. ते शहराच्या संस्थापकांपैकी एक आणि कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे सदस्य. २०१७ मध्ये ते नाव बदलले. उत्सवाच्या गडबडीत तिथवर जाणारे पाहुणे फार नसतात. आपण जावे.

दुपारच्या शर्यतीत मी पहिल्या फेरीपासून घोळक्याच्या मधोमध राहायचे ठरवले. मागे राहण्यापेक्षा तिथे धक्काबुक्की जास्त, पण उसळी कमी. पाचव्या फेरीत मागच्या चाकातून फुस्स आवाज आला. पंक्चर! हौशी शर्यतीत या नियमाचे मला फार कौतुक वाटते: पंक्चर झाले किंवा पडलात तर एक फेरी माफ. चाके ठेवलेल्या जागी जायचे, तिथला माणूस अर्ध्या मिनिटात चाक बदलतो, पंच दंडाला धरून थांबवतात आणि आपला घोळका आला की पाठीवर हात ठेवून त्यात ढकलून देतात. शेवटच्या काही फेऱ्यांत मात्र ही सवलत नसते. त्या ढकलण्यात इतका जोर होता की मी आपसूक आठव्या-नवव्या जागी जाऊन पडले आणि शेवटपर्यंत टिकले. पंधरावी आले.

रात्री दिव्यांच्या उजेडात अव्वल बायकांची शर्यत पाहिली. ज्या वळणावर आम्ही ब्रेक दाबत होतो तिथे त्या पेडल मारत होत्या. त्याच जुलैत फ्रान्समध्ये बायकांची ‘टूर द फ्रान्स फाम’ सुरू होणार होती. प्रेक्षकांत सगळीकडे तीच चर्चा.

रडूबाईची टेकडी

रविवारची शर्यत आर्कान्सा नदीकाठी. नदीकाठच्या रस्त्यावरून वळले की एकदम चढ लागतो. त्याचे नाव ‘क्राय बेबी हिल’, म्हणजे आपल्या भाषेत रडूबाईची टेकडी. बोरघाट चढलेल्याला हा चढ किरकोळ वाटेल, पण तो दर फेरीला चढायचा असतो. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, चित्रविचित्र सोंगे, ढोल, गाणी, बिअर आणि डोक्यावर टांगलेली बाहुली. पंचांसारखे पट्ट्यापट्ट्यांचे सदरे घातलेले स्वयंसेवक शिट्ट्या फुंकून गर्दीला मागे रेटत असतात. गणपतीच्या मिरवणुकीतून कुणी सायकल पळवायला सांगितली तर कसे वाटेल, तसे ते वाटते.

सकाळी शिक्षिकाबाईंचा गुडघा सुजला होता. माझ्या मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. “आजचा दिवस राहू दे की,” हे फोनवर म्हणाले. लेक मागून ओरडली, “आई, जा!” रेषेवर सतराजणीच होत्या. शुक्रवारपेक्षा कमी. पंच मोजत होते आणि आम्हीही मोजत होतो. शिक्षिकाबाई गुडघ्याला पट्टी बांधून आल्या, आजीबाई तर आधीच येऊन उभ्या होत्या.

तिसऱ्या फेरीतच घोळक्याचे तुकडे झाले. चढावर आडोशाचा फारसा उपयोग नसतो, कारण वेग कमी असतो. तिथे ज्याचे त्याचे पाय. माझ्यापुढे हिरव्या सदऱ्याची एक मुलगी होती, तिच्यावर नजर ठेवून मी चढत होते आणि उतारावर तिला गाठत होते. पाचव्या फेरीला टेकडीच्या माथ्यावर ओळखीचा आवाज आला. आमची परिचारिका एक हात गळ्यात आणि दुसऱ्या हातात गुरांच्या गळ्यातली घंटा घेऊन उभी होती आणि ती बेभान वाजवत होती. पुढच्या प्रत्येक फेरीला तो चढ मला त्या घंटेपर्यंतच वाटला. तिथून पुढे उतारच होता.

मी बारावी आले. आजीबाई माझ्या पुढे, दहाव्या. शिक्षिकाबाई शेवटच्या, पण पंचांना त्यांना बाहेर काढायची वेळ आली नाही. तीन दिवसांच्या गुणांच्या यादीत आमच्यापैकी फक्त आजीबाईंचे नाव होते. त्यांनी ती यादी नातवंडांना दाखवायला मागून घेतली.

जायचे असेल तर

भारतातून टल्साला थेट विमान नाही. डॅलसला उतरून मोटारीने जाणे सोपे. शर्यतीत न उतरणाऱ्यांसाठी शनिवारी आणि रविवारी सकाळी रमतगमत जाण्याच्या सायकल सहलीही असतात. मुले बरोबर असतील तर नदीकाठची ‘गॅदरिंग प्लेस’ ही २०१८ मध्ये खुली झालेली बाग चुकवू नये, प्रवेश मोफत आहे. चित्रांची आवड असेल तर फिलब्रूक संग्रहालय पाहावे. एका तेल व्यापाऱ्याचा हा १९२७ मधला वाडा, आणि त्याची बाग संग्रहालयाइतकीच देखणी. हॉटेलची खोली दोन-तीन महिने आधी ठरवावी. टोपी, पाणी आणि घसा बसला तर खडीसाखर जवळ असू द्यावी.