रफचं पान

शाळेत आम्हाला गणिताच्या दोन वह्या असत. एक फेअर, खाकी कव्हर घातलेली, समास आखलेली. दुसरी रफ, म्हणजे गेल्या वर्षीच्या वह्यांतली उरलेली कोरी पानं आईनं दाभणानं शिवून दिलेली. बाई तपासायच्या ती पहिलीच. दुसरीत काय चाललंय ते कुणी विचारलं नाही, आणि म्हणूनच गणित घडायचं ते तिथं.

बी.एस्सी.ला वह्या गेल्या, फुलस्केप कागद आले. रिअल अ‍ॅनालिसिसच्या असाइनमेंटमध्ये हमखास असायचं: एक्स स्क्वेअर हे फंक्शन २ या बिंदूशी कंटिन्यूअस आहे, हे एप्सिलॉन-डेल्टानं सिद्ध करा. उत्तराची पहिलीच ओळ अशी: १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतला जो लहान, तो डेल्टा घेऊ. हा ५ आला कुठून? फेअर कागदावर त्याचा थांगपत्ता नसतो. रफवर असतो. तिथं आपण शेवटाकडून मागे आलेलो असतो. एक्स स्क्वेअर वजा ४ चे अवयव पाडले: एक्स वजा २, आणि एक्स अधिक २. पहिला आपल्या हातात, दुसरा मोकाट. मग एक्सला २ पासून १ पेक्षा लांब जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, की तो १ आणि ३ च्या मध्ये अडकतो आणि एक्स अधिक २ पाचाच्या आत राहतो. झाला ५. फेअर करताना हे सगळं उलटं फिरवायचं आणि जणू डेल्टा आपल्याला आधीपासून ठाऊकच होता अशा साळसूदपणे सुरुवात करायची.

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर एकाची असाइनमेंट दहा जण छापायचे. आता वाटतं, त्यात नवल ते काय? फेअर कागद छापण्यासारखाच असतो.

कागद महाग म्हणून रामानुजन पाटीवर गणितं करत, कोपरानं पुसत आणि निष्कर्ष तेवढे वहीत उतरवत. त्या वह्या सिद्धतांसह संपादित करताना ब्रूस बर्न्ट यांचे पाच खंड झाले, १९८५ ते १९९८ या काळात. जगातलं सर्वांत मोलाचं रफ असं कोपराला लागून गेलं.

पुढे लाटेक शिकले. डोनाल्ड क्नुथ आपल्याच पुस्तकाची प्रुफं पाहून वैतागले आणि त्यांनी गणिताच्या छपाईसाठी टेक लिहायला घेतलं, त्याच्यावर उभी राहिलेली ही प्रणाली. अक्षर इतकं देखणं, की चुकीची सिद्धताही बरोबर वाटायला लागते. तपासणाऱ्यानं हे विशेष लक्षात ठेवावं.

कारण आता तपासते मी. कागदांचे गठ्ठे गेले. मुलं मोबाइलनं फोटो काढून पीडीएफ पाठवतात, सावलीसकट. सगळ्यांचा डेल्टा तोच, एप्सिलॉन भागिले ५. क्वचित एखाद्या पानावर ३ आणि एप्सिलॉन भागिले ७ दिसतं, आणि मी सावरून बसते. तेही बरोबरच आहे: २ पासून ३ पेक्षा कमी अंतरावर राहिलं तर एक्स अधिक २ सातापलीकडे जात नाही. पाच सोडून सात घेणाऱ्यानं बहुधा स्वतः हिशेब केलेला असतो.

म्हणून मी नियम केला: रफचं पानही जोडा. पहिल्याच खेपेला मुलांनी रफ फेअर करून आणलं. खोडलेल्या ओळीसुद्धा पट्टीनं खोडलेल्या. यंदा तर सातवाली पानं एकदमच आली, लागोपाठच्या रोल नंबरांची, आणि रफही सगळ्यांचं एकसारखं. फक्त एका मुलीच्या पानावर ७ च्या आधी ६ लिहून खोडला होता, पट्टी न लावता.