मावळतीनंतरची वीज

चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी या संत्रापट्ट्यात रात्रीचं ओलित म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. कृषिपंपांना आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि बाकीचे दिवस रात्री लाइन. म्हणजे ऐन थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन वावरात जायचं आणि साप, रानडुक्कर, बिबट्या यांच्यातून मोटर सुरू करायची. २०१७ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ला आलेली तिची दुसरी आवृत्ती यांचा हेतू कृषिफिडर दिवसा चालवण्याचा. तो निर्णय योग्यच आहे. मात्र भारप्रेषणात, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवण्यात, आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याची नजर त्या पॅनेलपेक्षा ढगाकडे जाते.

कारण सौर फिडर ग्रिडपासून तुटलेला नसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरदुपारी अवकाळीचं आभाळ आलं की पॅनेल मंदावतं, मोटरी मात्र तेवढ्याच ओढत राहतात. ती तूट त्याच क्षणी दुसऱ्या कुणीतरी भरायची. नाही भरली तर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून घसरू लागते. तिचा ठरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ एवढाच. पहिले काही सेकंद चालू वीजनिर्मिती संचांचे गव्हर्नर आपोआप सांभाळतात, मग भारप्रेषण केंद्राकडून संचांना आपोआप संदेश जातात, आणि त्यानंतर माणसाने ठरवून उतरवायची राखीव वीज.

ही राखीव वीज कुठून येते, ते दोन संचांवरून कळतं. अकोला जिल्ह्यातल्या पारसचा एक संच २५० मेगावॅटचा. कोयनेच्या चौथ्या टप्प्यातलाही एक संच २५०चाच. कागदावर जुळे भाऊ. पण पारसचा बॉयलर थंड असेल तर संच चढायला तासन्‌तास लागतात, आणि चालू असला तरी ५५ टक्क्यांच्या खाली उतरवणं जड जातं. कोयना काही मिनिटांत पूर्ण भाराला येते. मग सगळं कोयनेवरच का टाकत नाही? कृष्णा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलंय. भरदुपारच्या ढगावर ते उधळलं तर मे महिन्याच्या संध्याकाळी काय करणार?

संध्याकाळ तर रोजचीच. आमच्या वऱ्हाडात सूर्य मुंबईपेक्षा पंधरा-वीस मिनिटं आधी मावळतो. इथली पॅनेल आधी निजतात, पाठोपाठ राज्यभरातली. आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात. कृषिपंप त्या वेळी बंद असतील तर मोठा आधार. त्यापलीकडे उपाय उदंचनाचा: दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८पासून आहे. उत्तरेला गाविलगडचे डोंगर दिसतात, तिथे उंची भरपूर. पण तिथला मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, तिथे हात लावू नये असंच माझं मत. सौर वीज तीन रुपये युनिटच्या आसपास पडते असं कौतुकाने सांगतात, त्या हिशेबात ही संध्याकाळची सोय कुणी धरत नाही. ती धरली पाहिजे.

राहिला आपल्या हातातला भाग. लाइन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून जवळपास प्रत्येक बोअरवर ऑटोस्विच असतो. रात्रीच्या लाइनच्या काळात तो नाइलाज होता, मी कुणाला दोष देत नाही. पण लाइन येताच फिडरवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं, रोहित्र जळतं, आणि वर भारप्रेषण केंद्रात बसलेल्याला तेवढी राखीव वीज उगाच तयार ठेवावी लागते. दिवसा लाइन मिळत असेल तर ऑटोस्विच काढा, मोटरीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवा, आणि शेजाऱ्याची मोटर सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी आपली सुरू करा.