ठमीची हाक

लव्हबर्ड हे नाव ज्याने ठेवलं, त्याचं घर तरी मोठं असावं किंवा कान तरी जड. जोडी दिवसभर अंगाला अंग लावून बसते म्हणून हे प्रेमळ नाव पडलं. आवाजात मात्र प्रेम शोधावं लागतं. पाटीवर खिळा ओढल्यासारखी ती चिरकी किंकाळी, एकामागून एक, वीस-पंचवीस मिनिटं.

आमची ठमी हिरव्या अंगाची, गुलाबी तोंडाची. वजन पन्नास-एक ग्रॅम. ही जात नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातली, नामिबियाच्या बाजूची. तिथे हे पक्षी थव्याने राहतात. झाडोऱ्यात एकमेकांच्या नजरेआड गेले की हाक मारतात. उत्तर आलं की पुन्हा चरायला लागतात. उत्तर नाही आलं तर पुढची हाक आणखी मोठी. ठमीला नामिबिया ठाऊक नाही, ती पिंजऱ्यातच जन्मली. पण हाक तीच.

तात्यापाऱ्यातल्या घरी तिचा पिंजरा पडवीत टांगलेला असायचा. रायपुरातली जुनी मराठी घरं बरीचशी तात्यापारा-बूढापारा भागातली. आमचंही तसंच, मधे अंगण, भोवती खोल्या. आई तांदूळ निवडायला बसली तरी अंगणात, केस वाळवायला बसली तरी अंगणात. बाबांनी ठमीची जोडी आणली होती. आधी नर गेला, दोन वर्षांनी बाबा गेले. मग घर विकलं गेलं, वाटण्या झाल्या, आणि आई, ठमी आणि मी शंकर नगरच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आलो.

तिसऱ्या दिवशी गार्ड वर आला. ‘मॅडम, नीचे से कंप्लेंट है. और तोता रखना तो वैसे भी मना है ना?’

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर सोपं होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे पोपट पाळायला बंदी आहे. ऑगस्ट २०२४मध्ये इथल्या वनविभागाने त्याची आठवण करून देणारा आदेश काढला आणि शहरभर मिठूंच्या मालकांची झोप उडाली. काही दिवसांतच घरांतल्या पोपटांवरची कारवाई थांबवण्यात आली, पण धास्ती राहिली. लव्हबर्ड परदेशी, त्याला ही बंदी नाही. अलीकडे काही परदेशी प्राण्या-पक्ष्यांची नोंदणी करावी लागते, त्या यादीतही गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड येत नाही. गार्डला हे सगळं हिंदीत समजावलं. तो म्हणाला, ‘ठीक है, पर आवाज़?’

आवाजाला कायदा नव्हता. खालच्या मजल्यावरचा मुलगा पीएससीची तयारी करत होता, पहाटे पाचला उठून. त्याची आई भेटायला आली तेव्हा तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती हात जोडून म्हणाली, ‘भाभीजी, दूसरी बार बैठ रहा है.’ यावर काय बोलणार? बंगळूरहून दादाचा फोन आला. त्याने सरळ सांगितलं, ‘दुकानात देऊन टाक, एकटी आहे, तिलाही जोडी मिळेल.’ आई समोरच बसली होती. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. नव्या घरात आल्यापासून ती फारसं बोलतच नव्हती. दिवसातून चार-सहा वाक्यं, त्यातली दोन ठमीशी.

जोडीदार आणून द्यावा हा सल्ला सगळेच देतात. लव्हबर्ड एकटा राहिला की झुरून मरतो, अशीही समजूत आहे. तसं काही नसतं. माणसांत रमलेला पक्षी एकटा वर्षानुवर्षं जगतो, फक्त त्याला माणूस लागतो. उलट मोठ्या वयाच्या मादीच्या पिंजऱ्यात दुसरा पक्षी सोडला तर ती त्याला रक्तबंबाळ करू शकते. ठमी मादीच आहे. वर्तमानपत्राच्या काठाच्या सारख्या पट्ट्या कातरते आणि शेपटीच्या वरच्या पिसांत खोचून घेते, घरट्याचं सामान म्हणून. बाबा म्हणायचे, ‘हिला पदर नाही म्हणून.’

आधी घराकडे लक्ष दिलं. खाली गुळगुळीत टाइल्स, भिंती उघड्या, पडदे यायचे होते. चमचा पडला तरी घुमायचा. आईच्या दोन गोधड्या ठमीच्या मागच्या भिंतीवर टांगल्या, खाली सतरंजी पसरली. खोली लगेच मऊ झाली. पिंजरा खिडकीपासून काढला, कारण समोरून घारी जात आणि प्रत्येक घारीला ठमीचा वेगळा आरडाओरडा असे. आता मागे भिंत, त्यामुळे मागून कोणी येणार नाही हे तिला पटलं. संध्याकाळी सातला आईचं जुनं सुती लुगडं पिंजऱ्यावर टाकायचं आणि सकाळी सातला काढायचं. या पक्ष्यांना दहा-बारा तास झोप लागते आणि अंधार असेपर्यंत ते गप्प असतात. पहाटेचा प्रश्न एवढ्याने सुटला. खालच्या मुलाचे दोन तास वाचले.

दिवसाचा सुटेना. मी एका रविवारी वही घेऊन बसले आणि ठमी कधी ओरडते ते लिहीत गेले. मिक्सरला ओरडते, प्रेशर कुकरला ओरडते, ते कोणीही सांगेल. आवाजावर आवाज चढवणं ही त्यांची रीतच आहे. पण लांब, न थांबणाऱ्या किंकाळ्या दहा चाळीस, साडेबारा, चार अशा पडल्या होत्या, आणि त्या प्रत्येक वेळी आई आपल्या खोलीत होती. ठमी तिला हाक मारत होती. तात्यापाऱ्यात आई नजरेसमोर असायची, हाक मारायची वेळच येत नसे. इथे मधे भिंती होत्या. मग आई उत्तर का देत नव्हती?

मी आईच्या खोलीत गेले. ठमी बाहेर घर डोक्यावर घेत होती. आई पोथी वाचत होती, शांतपणे.

‘आई, ठमी ओरडतेय.’

‘कुठे? गप्पच तर आहे ती.’

उतारवयात कान जातात ते आधी वरच्या पट्टीतले. माझं बोलणं आईला कळत होतं, कुकरची धडधड कळत होती. ठमीची किंकाळी तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. एकीला ऐकू येत नव्हतं म्हणून दुसरी ओरडत होती, आणि शिक्षा तिसऱ्याच घरातल्या मुलाला.

मग आईची खुर्ची हॉलमध्ये आणली, ठमीच्या समोर. हॉल आणि स्वयंपाकघर इथे एकच, म्हणून नॉनस्टिकचा तवा काढून टाकला. तो फार तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. माळ्यावरच्या खोक्यातून लोखंडी तवा निघाला. ‘भाकरी आता भाकरीसारखी होईल,’ आई म्हणाली. त्या दिवसातलं ते सातवं की आठवं वाक्य होतं.

मी हलकी शीळ घालायला शिकले. ठमीने छोटी हाक मारली की लगेच शीळ, किंकाळीला काही नाही. तीन आठवड्यांत तिला फरक कळला. आईला शीळ येत नाही. ती टाळी वाजवते. आमच्याकडे कामाला येणारी बाई ते बघून हसली. दिवाळीत त्यांच्या गावी बायका टोपलीत मातीचा सुआ ठेवून भोवती टाळ्या वाजवत फेर धरतात आणि मनातलं सगळं त्याला सांगतात. तात्यापाऱ्यातही त्या दारी यायच्या, आई सुपातून तांदूळ घालायची. ‘हमर सुआ तो चुप रहिथे,’ ती म्हणाली, ‘तुंहर हा जवाब मांगथे.’

ठमी गप्प झाली असं नाही. संध्याकाळी दिवे लागताना पंधरा मिनिटं ओरडतेच, ते तिचं हक्काचं आहे. ती वेळ मी खाली सांगून ठेवली आहे. मुलगा तेव्हा तेलीबांधा तलावावर फिरायला जातो.

मागच्या महिन्यात आईला कानाचं यंत्र घेतलं. घरी येऊन ते लावून खुर्चीत बसली, आणि नेमके दिवे लागले. ठमी सुरू झाली. आई दचकली, माझ्याकडे बघत राहिली. ‘इतकी ओरडते ही?’ मी मान हलवली. तिने यंत्र काढलं, डबीत ठेवलं, आणि ठमीकडे बघून टाळी वाजवली.